परवानगी आधी, प्रत नंतर

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याला फोटोबंदीचं नवल वाटत नाही. रासायनिक कारखान्यात ज्वलनशील वायू किंवा द्रावकं असलेल्या भागात मोबाइल नेताच येत नाही. त्यामागे ठिणगीची भीती असते, शिवाय धंद्यातलं गुपितही सांभाळायचं असतं. फलक वाचून माणूस मुकाट्याने फोन बाहेर ठेवतो. तोच रोहेकर सुट्टीत सहकुटुंब परदेशी निघाला की मात्र विमानातून उतरल्या उतरल्या, इमिग्रेशनच्या रांगेतच, सेल्फीसाठी हात वर करतो. बहुतेक देशांत त्या जागी फोटो काढायला मनाई असते आणि तसा फलकही तिथे असतो. पण सहलीच्या उत्साहात तो दिसत नाही.

रायगडकरांना परदेश तसा अनोळखी नाही. रोहा, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन या भागातली कितीतरी कुटुंबं नोकरीधंद्यासाठी आखातात आहेत. पेणचे गणपती तर वर्षानुवर्षं समुद्र ओलांडून परदेशातल्या मराठी घरांत बसतात. डिसेंबर २०२५ पासून पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि विमानतळ आपल्याच जिल्ह्यात आला. परदेशवारी वाढणार, तसे फोटोही वाढणार. फोटो काढणं आता फुकट आणि क्षणाचं काम झालं आहे. म्हणून बटण दाबण्याआधीची आणि दाबल्यानंतरची अशा दोन्ही जबाबदाऱ्या आपण विसरतो. आधी परवानगी घ्यायची असते आणि नंतर प्रत करायची असते.

कॅमेऱ्यामागोमाग आलेला कायदा

फोटोचे नियम पर्यटकांना छळायला कोणी केलेले नाहीत. कॅमेरा लहान होत गेला, तसे ते येत गेले. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच यायची. फिल्म संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. कोणीही, कुठेही, समोरच्याला न सांगता फोटो काढू शकेल, ही सोय आणि ही धास्ती एकदमच जन्माला आली. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, अमेरिकेत वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. या झटपट फोटोंचा त्रास त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे.

जर्मनीतली हकिगत याहून बोलकी आहे. ३० जुलै १८९८ च्या रात्री जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क वारले. काही तासांतच दोन छायाचित्रकार गुपचूप त्यांच्या शयनगृहात शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. कुटुंबीय न्यायालयात गेले. पण फोटोतल्या माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर हक्क आहे, असं सांगणारा सोयीचा कायदाच नव्हता. घरात बेकायदा शिरल्याच्या आधारावर निकाल द्यावा लागला. पुढे १९०७ मध्ये जर्मनीने कायदा केला, की माणसाची प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही. काही अपवाद सोडले, तर हे तत्त्व तिथे आजही चालतं.

जगभरचे नियम पाहिले तर त्यामागे साधारण चार कारणं दिसतात: देशाची सुरक्षा, माणसाचा खासगीपणा, श्रद्धास्थानाचा मान आणि कलाकाराचा हक्क. कारण ओळखता आलं, की फलक नसलेल्या ठिकाणीही काय करावं याचा अंदाज येतो.

सुरक्षा आणि खासगीपणा

विमानतळाची तपासणी जागा, सीमा, लष्करी तळ, बंदरं, पोलीस ठाणी, काही देशांत पूल आणि राजवाडेसुद्धा पहिल्या कारणात येतात. आपल्याकडेही पुण्याचं लोहगाव आणि गोव्याचं दाबोळी हे विमानतळ संरक्षण दलांच्या तळावर आहेत, म्हणून तिथे फोटोंवर बंधनं आहेत. परदेशात ही चूक किती महाग पडते, ते २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमध्ये दिसलं. विमानं पाहून त्यांचे क्रमांक टिपण्याचा छंद असलेले बारा ब्रिटिश आणि दोन डच हौशी कालामाता इथल्या हवाई तळावर पकडले गेले. एप्रिल २००२ मध्ये हेरगिरीसंबंधी आरोपांखाली त्यांना शिक्षा झाली. अपिलात त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते सुटले. छंद निरुपद्रवी होता, पण ते सिद्ध करण्यात वर्ष गेलं.

आखाती देशांत दुसरं कारण, म्हणजे माणसाचा खासगीपणा, फार कडक पाळला जातो. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात दुसऱ्याचा फोटो संमतीशिवाय काढणं, बाळगणं किंवा पसरवणं हा खासगीपणाचा भंग ठरू शकतो. त्याला किमान सहा महिने कैद किंवा दीड लाख ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू करताना सार्वजनिक सभ्यतेचे नियमही जाहीर केले. परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणं त्यात दंडनीय आहे. तेव्हा दुबईच्या मॉलमध्ये कारंज्याचा व्हिडिओ घ्यावा, शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाचा घेऊ नये. आपल्या गावाकडच्या यात्रेत म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फोटो न विचारता काढायची सवय झालेली असेल, तर ती विमानात बसण्याआधी सोडावी.

जपानमधला प्रश्न गर्दीचा आहे. क्योतोच्या गिओन भागात गेइशांच्या मागे धावणाऱ्या पर्यटकांना कंटाळून २०१९ मध्ये रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे फलक लावले. दंड दहा हजार येन. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच झाल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फुजिकावागुचिको या गावाने एका दुकानासमोर अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी उभारली. दुकानामागे फुजी पर्वत दिसतो, त्या फोटोसाठी लोक रस्त्यात उभे राहत, वाहतूक अडवत आणि कचरा टाकून जात. फोटो काढणाऱ्यांनी ताळतंत्र सोडलं, म्हणून गावाने डोंगरच झाकला.

श्रद्धास्थानं आणि स्मारकं

श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घेणं हा अपमान समजला जातो. आपण देवळातून निघतानाही देवाकडे लगेच पाठ फिरवत नाही, त्यामुळे हे आपल्याला सहज पटावं. २०१२ मध्ये तिघा फ्रेंच पर्यटकांनी बुद्धमूर्तीचं चुंबन घेतानाचे वगैरे फोटो काढले आणि ते गॉल शहरातल्या एका स्टुडिओत छापायला दिले. स्टुडिओवाल्यांनी पोलिसांना कळवलं. पर्यटकांना निलंबित कारावासाची शिक्षा झाली. भूतानमधल्या मंदिरांच्या आत आणि काठमांडूला पशुपतिनाथाच्या मुख्य आवारात फोटो काढता येत नाहीत. पोलंडमध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीच्या स्मारकात बहुतेक ठिकाणी फोटो चालतो. मात्र बळींचे केस ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात चालत नाही. तिथे फोटो का नको, हे तिथे उभं राहिल्यावर कोणी सांगावं लागत नाही.

चित्रांच्या दालनात जतनाचंही कारण असतं. तिथे निदान फ्लॅश बंद ठेवायचा, हे अजिंठ्याला गेलेल्याला ठाऊक असतं. अजिंठ्याच्या रंगांसारखे जुने रंग प्रकाशाने फिके पडतात आणि प्रकाशाने झालेली इजा भरून येत नाही. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात फ्लॅशशिवाय फोटो चालतो, अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात चित्रांचे फोटोच काढता येत नाहीत. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलची बंदी पैशाच्या व्यवहारातून आली. १९८० च्या दशकात तिथल्या भित्तिचित्रांच्या दुरुस्तीचा खर्च जपानच्या निप्पॉन टेलिव्हिजनने उचलला आणि मोबदल्यात छायाचित्रणाचे हक्क घेतले. तो करार केव्हाच संपला, बंदी मात्र कायम आहे.

गणपती, आयफेल आणि हक्क

चौथं कारण, म्हणजे कलाकाराचा हक्क, पेणकरांना चटकन कळेल. मूर्तिकार महिनोन् महिने खपून एखादी नवी मूर्ती घडवतो आणि तिचा साचा करतो. कारखान्यात आलेला कोणी फोटो काढून नेतो आणि त्यावरून दुसरीकडे तशीच मूर्ती तयार होते. हे त्याच्या पोटावर पाय देणंच आहे. भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे नेमका फरक करतो. चौकातल्या पुतळ्यासारखी सार्वजनिक जागी कायमची बसवलेली शिल्पं आणि इमारती यांचा फोटो काढायला आणि छापायला मुभा आहे. कारखान्यातली मूर्ती कायमची बसवलेली नसते, त्यामुळे ही मुभा तिला लागू होत नाही. स्वतःच्या आठवणीसाठी एक फोटो काढणं वेगळं आणि तो पाहून साचा करणं वेगळं. आणि पेण असो की पॅरिस, विचारून काढलेल्या फोटोला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पॅरिसच्या आयफेल टॉवरची गोष्ट अशाच कायद्याची गंमत दाखवते. गुस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले, त्यामुळे टॉवरच्या रचनेवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. दिवसाचा फोटो खुशाल छापा. रात्रीची रोषणाई मात्र १९८५ ची, पिएर बिदो यांची, आणि ती कलाकृती म्हणून संरक्षित आहे. पर्यटकाने रात्रीचा फोटो काढून घरच्यांना दाखवला तर काही बिघडत नाही. पण तोच फोटो जाहिरातीत, कॅलेंडरवर किंवा मासिकाच्या मुखपृष्ठावर टाकायचा असेल, तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते.

ड्रोनचं प्रकरण सगळ्यांत नाजूक आहे, कारण त्यात यांतली बरीच कारणं एकत्र येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोन उडवता येत नाही. मोरोक्कोत परवान्याशिवाय ड्रोन आणला तर विमानतळावरच काढून घेतात. आणि परदेशात स्वस्त मिळाला म्हणून तो भारतात आणू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. महागडा कॅमेरा घेऊन जात असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना तो तिकडे विकत घेतल्याचा संशय येत नाही. बॅटऱ्या आणि पॉवरबँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्या चालत नाहीत.

मेमरी कार्डात काय असतं

आता बटण दाबल्यानंतरचं. मोबाइलची साठवण आणि मेमरी कार्ड यांत फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. कुठल्या कप्प्यात किती भार आहे, यावरून एक आणि शून्य वाचले जातात. हा भार कायमचा टिकत नाही. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिलं, विशेषतः गरम जागी, की तो हळूहळू झिरपतो. म्हणून पेनड्राइव्ह किंवा कार्ड ही फोटो नेण्याआणण्याची साधनं आहेत. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवले आणि निश्चिंत झालो, असं होत नाही.

चुकून फोटो उडाले तर घाबरू नका, पण हात आवरा. कॅमेऱ्यात फोटो पुसला की सहसा फक्त त्याची यादीतली नोंद जाते. मूळ माहिती त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत कार्डातच राहते. म्हणून त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. ते बाजूला ठेवा आणि घरी येऊन जाणकाराकडून परत मिळवण्याचा प्रयत्न करा. मोबाइलमध्ये हे जवळपास अशक्य असतं, पण तिथे कचरापेटीची सोय असते. आयफोनमध्ये पुसलेले फोटो साधारण तीस दिवस राहतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेले फोटो साठ दिवस राहतात.

जागा किती लागेल, याचा हिशोब निघण्याआधी करा. मोबाइलचा एक फोटो सुमारे चार एमबीचा धरला आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून दिवसाला अडीचशे फोटो काढले, तर एक जीबी होतो. आठ दिवसांचे आठ. त्यात रोज दहा मिनिटं फोर-के व्हिडिओ घेतला, तर आयफोनच्या कमी जागा घेणाऱ्या व्हिडिओ-स्वरूपात मिनिटाला सुमारे १७० एमबी धरून आणखी साडेतेरा जीबी. एकूण बावीसच्या आसपास. गुगलची मोफत जागा पंधरा जीबी असते, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून. १ जून २०२१ पर्यंत ठरावीक दर्जाचे फोटो तिथे अमर्याद ठेवता यायचे, ती सवलत संपली. आयक्लाउड मोफत पाचच जीबी देतो. म्हणजे सहल अर्ध्यावर असतानाच ‘जागा संपली’ असा निरोप येतो आणि बॅकअप गुपचूप थांबतो.

पेणची प्रत रोह्याला

व्यावसायिक छायाचित्रकार तीन-दोन-एक नावाचा नियम पाळतात. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. फोटोच्या तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, दुसऱ्या गावी. ‘घराबाहेर’ कशाला, हा प्रश्न रायगडात विचारायला नको. जुलै १९८९ मध्ये अंबा नदी नागोठण्यात शिरली. २६ जुलै २००५ चा पाऊस कोण विसरेल? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आपली छपरं उडवली आणि जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं. अशा वेळी कपाटातले अल्बम, संगणक आणि हार्डडिस्क एकाच पाण्यात जातात. घरातल्या घरात दहा प्रती असल्या तरी त्या एकच म्हणायच्या.

यावर उपाय साधा आहे. पेणच्या कुटुंबाने एक हार्डडिस्क रोह्याच्या बहिणीकडे ठेवावी आणि तिची आपल्याकडे ठेवावी. गणपतीला आणि दिवाळीला भेट होतेच, तेव्हा नवे फोटो घालून अदलाबदल करावी. तिसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे गुगल किंवा आयक्लाउडसारख्या सेवेत, ठेवावी. कारण मोठा पूर आला तर दोन्ही गावं एकदमच सापडू शकतात. क्लाउडवर ठेवलं तरी अधूनमधून खातं उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल त्यातल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं. आजोबांच्या नावाच्या खात्यावर घरातले सगळे फोटो असतील, तर हे आजच तपासा.

कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे बुरशी. दमट हवेत लेन्सच्या काचेवर ती धरते आणि एकदा धरली की डाग राहतात. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. चालू हार्डडिस्क हलवू नका, पाडू नका. तिच्यात तबकडी वेगाने फिरत असते.

सहलीत आणि परतल्यावर

सहलीत रोज रात्री हॉटेलच्या वायफायवर बॅकअप चालू करा. रोमिंगच्या डेटावर तो चालू राहिला तर बिल फुगतं, म्हणून ‘फक्त वायफायवर’ ही निवड निघण्याआधीच करून ठेवा. चीनमध्ये गुगलच्या सेवा चालत नाहीत, तिथे जाणाऱ्यांनी दुसरं कार्ड किंवा छोटी एसएसडी सोबत न्यावी. मूळ कार्ड आणि प्रत एकाच बॅगेत ठेवू नका. एक नवऱ्याकडे, एक बायकोकडे.

फोन हरवला तर काय, याची तयारी घरूनच करावी. नव्या फोनवर खातं उघडायला ओटीपी लागतो आणि तो ज्या सिमवर येणार, ते सिमच हरवलेल्या फोनमध्ये असतं. गुगल यासाठी आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव संकेत देतं. ते कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळ्या जागी ठेवा.

फोटोच्या आत तारीख, वेळ आणि बऱ्याचदा जागाही नोंदलेली असते. वेगळ्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, जपान साडेतीन तास पुढे. ते लावलं नाही तर मोबाइल आणि कॅमेरा यांचे फोटो एकत्र केल्यावर संध्याकाळ दुपारच्या आधी येते. जागेची नोंद धोक्याचीही ठरते. २०१२ मध्ये फरारी उद्योजक जॉन मॅकाफी ग्वातेमालात असल्याचं एका मासिकाने टाकलेल्या फोटोतल्या याच नोंदीवरून उघड झालं. आपल्यामागे कोणी लागलेलं नसलं, तरी सहलीतून रोज फोटो टाकणं म्हणजे घर रिकामं असल्याची दवंडी आहे. फोटो परतल्यावर टाकावेत.

ग्रुपवर आलेल्या फोटोंवर भिस्त ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. एचडीची निवड केली तरी मूळ दर्जा राहत नाही. सहप्रवाशांचे फोटो हवे असतील तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मग पंधरा दिवसांच्या आत बसून निवड करा. एकाच कारंज्याचे वीस फोटो असतात, त्यातले दोन ठेवा. निवडलेले फोटो साल, देश आणि गाव अशा नावाच्या फोल्डरमध्ये घाला. जुन्या सीडीवर लग्नाचे फोटो असतील तर सीडी वाचणारं यंत्र मिळतं आहे तोवर ते उतरवून घ्या. आणि निवडक तीस-चाळीस फोटो छापून घ्या. कागदावरच्या फोटोला पासवर्ड लागत नाही आणि घरातली म्हातारी माणसं ते हातात घेऊन बघतात.

पुढच्या सहलीची तिकिटं काढाल, त्याच दिवशी दोन कामं उरकून टाका. जिथे जाणार आहात त्या देशाचे फोटो आणि ड्रोनचे नियम तिथल्या अधिकृत पर्यटन संकेतस्थळावर वाचा, आणि मोबाइलमध्ये असलेल्या फोटोंची एक प्रत दुसऱ्या गावी पोचवा. पहिल्या कामाला अर्धा तास लागतो, दुसऱ्याला एक संध्याकाळ. एवढा वेळ नसेल, तर निदान फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा.